मतं की डेलिगेट? ओबामा 2008 आणि रॉन पॉल 2012

अमेरिकेत अध्यक्षपदाची पक्षाची उमेदवारी डेलिगेटच्या, म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या, संख्येवर ठरते. त्यामुळे मागे पडलेल्या उमेदवाराचे कार्यकर्ते हमखास म्हणतात, "मतं जाऊ द्या, डेलिगेट गोळा करू." अशा प्रचाराला वेळ द्यायचा तुमचा विचार असेल, तर आधी उमेदवाराचं गणित 2008 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन यांना हरवणाऱ्या ओबामांचं आहे की 2012 मध्ये रिपब्लिकन पक्षात मिट रॉम्नी यांच्याकडून हरलेल्या रॉन पॉल यांचं, ते बघा.

ओबामांनी नियम वापरले ते आपल्या मतांचं वजन वाढवायला. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात. दोघांच्या लढतीत चार डेलिगेटच्या मतदारसंघात 62.5 टक्क्यांपर्यंत गेल्याशिवाय 2-2 ची बरोबरी फुटत नाही. तीनच्या मतदारसंघात मात्र निसटती आघाडीही 2-1 देते. म्हणून मोठ्या राज्यांत फार मागे पडायचं नाही आणि क्लिंटन यांचं फारसं लक्ष नसलेली छोटी कॉकस राज्यं (जिथे पक्षाच्या स्थानिक सभांत कौल घेतात) दणदणीत फरकाने घ्यायची. 5 फेब्रुवारी 2008 ला क्लिंटन यांनी न्यू जर्सी 59-48 ने जिंकून 11 डेलिगेटची आघाडी मिळवली. त्याच दिवशी आयडाहोत ओबामांनी 15-3 करून 12 ची मिळवली. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आपल्या मंडळींना पटो न पटो, हिशेब असाच होता.

पॉल यांनी मतांनाच वळसा घातला. 2012 मध्ये आयोवाच्या कॉकसमध्ये ते सुमारे 21 टक्के मतांसह तिसरे आले, पण तिथल्या डेलिगेटना त्या रात्रीचा कौल बंधनकारक नव्हता. मत टाकून लोक घरी गेले. पॉल यांचे कार्यकर्ते बसून राहिले आणि काउंटीपासून राज्यापर्यंतच्या अधिवेशनांत आपली माणसं निवडून आणत गेले. सतरंज्या उचलणाऱ्यांची ही चिकाटी मला आवडते. टॅम्पाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या 28 पैकी 22 जण पॉल यांच्या बाजूने उभे राहिले! देशभरची बेरीज मात्र 190, रॉम्नी यांची 2061. वर पक्षाने मेन राज्यातल्या पॉल समर्थक डेलिगेटपैकी निम्मे बदलले, अधिवेशनात नामांकनासाठी पाच राज्यांच्या डेलिगेटचा पाठिंबा हवा ही अट आठ राज्यांवर नेली आणि पुढच्या वेळेपासून राज्यव्यापी कौल डेलिगेटना बंधनकारक केला.

तेव्हा तुमच्या उमेदवाराला चाळिसेक टक्के मतं आणि गावोगावी कार्यालयं उघडण्याइतका पैसा मिळत असेल, तर ओबामांचा रस्ता धरा. वीस टक्क्यांवर अडकला असेल, तर रिपब्लिकन पक्षात पॉल यांच्या रस्त्याने उमेदवारी मिळेल अशी आशा धरू नका. पक्षसंघटना हवी असेल तर गोष्ट वेगळी: फेब्रुवारी 2012 मध्ये आयोवा रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष झालेले ए. जे. स्पायकर पॉल यांच्याच प्रचारातून आले होते.