आठ महिने स्विफ्ट कोड वापरल्यावर

मुलगी परदेशात शिकते. तिची फी आणि खोलीचं भाडं मी गेले आठ महिने बँकेतून थेट पाठवतोय. स्विफ्ट कोड, म्हणजेच बीआयसी, हा पैसे कोणत्या बँकेत जायचे ते सांगणारा, फॉर्ममधला एक रकाना. भरला की झालं, असं वाटायचं. तिसऱ्याच महिन्यात अद्दल घडली.

घरमालकाने जुन्या कागदावरचा कोड दिला होता. मधल्या काळात त्याची बँक दुसरीत विलीन झालेली. पैसे बारा दिवस कुठेतरी लटकले आणि परत आले, तेही शुल्क कापून. विनिमय दरातला फरक वेगळा गेला. भाडं थकलं, मुलीची बोलणी खाल्ली. कोड बँकेच्या संकेतस्थळावर ताडून पाहिला नाही, ही चूक माझीच.

तेव्हापासून मी तो कोड वाचायला शिकलो. आठ किंवा अकरा अक्षरं. पहिली चार बँकेची, पुढची दोन देशाची, मग दोन ठिकाणाची. शेवटची तीन शाखेची. ती नसली किंवा तिथे तीन एक्स असले तरी चालतं, मुख्य कार्यालय धरलं जातं. हे माहीत नसल्याने एकदा शाखेची अक्षरं शोधण्यात मी उगाच दोन दिवस घालवले.

आयबॅनमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात, दोन पडताळणी अंक असतात, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो लगेच पकडला जातो. बीआयसीत तशी सोय नाही. चुकलेलं अक्षर एखाद्या भलत्याच खऱ्या बँकेचा कोड बनू शकतं. म्हणून कोड टाकल्यावर पडद्यावर बँकेचं नाव येतं ते मी मोठ्याने वाचतो. घरचे हसतात, हसू देत.

रक्कम कमी पोचते याचा राग मी उगाच स्विफ्टवर काढत होतो. 1973 मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही संस्था फक्त बँकांमधले संदेश पोचवते, पैशाला हात लावत नाही. कात्री लावतात त्या मधल्या बँका. शुल्काच्या रकान्यात आता ‘शा’ऐवजी (म्हणजे खर्च दोघांत वाटून) ‘अवर’ निवडतो, म्हणजे सगळा खर्च माझ्याकडे. महाग पडतं, पण निवडल्यापासून कॉलेजचं ‘थोडे कमी आले’ पत्र आलेलं नाही.

आणखी एक: पाठवल्यावर यूईटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्या. लांबलचक असतो, पण पैसे कुठे अडकलेत ते त्यावरून बँकेला शोधता येतं. माझ्या बँकेने तो आपणहून कधीच दिला नाही, दर वेळी मागावा लागतो.