डिकीतली बॅटरी आणि उद्यमनगरातले वायरिंगवाले मामा

तीन महिन्यांत क्लचची केबल दोनदा बदलली. पहिल्यांदा क्लच नुसताच जड झाला. दुसऱ्यांदा दसरा चौकाच्या सिग्नलला गाडी बंद पडली, मी सेल्फ मारला आणि बोनेटच्या फटीतून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पेडल अर्ध्यातच अडकलं. दोन्ही वेळा मेकॅनिकने नवी केबल घातली, पैसे घेतले आणि चावी हातात दिली. केबल का जळते, हे कुणीच विचारलं नाही. ते विचारणारे मामा मला कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात भेटले, म्हणून हे लिहितेय.

गाडी २००३ ची मारुती एस्टीम. मूळची दादाची. तो ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानातल्या वळणावळणांच्या शर्यतींना उतरायचा, त्या दिवसांत त्याने बॅटरी बोनेटखालून काढून डिकीत नेली होती. एस्टीमचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ओढणारी चाकंही पुढचीच. जोरात वळण घेतलं की नाक बाहेर पळतं. दहा किलोची बॅटरी मागच्या ॲक्सलच्याही मागे नेली की पुढच्या चाकांवरचा भार अकरा किलोच्या आसपास उतरतो. बॅटरीच्या वजनापेक्षा जास्त, कारण मागे लोंबणारं वजन तरफेसारखं नाक थोडं उचलतं. रिकाम्या झालेल्या जागी त्याने हवेचा मोठा फिल्टर बसवला. कल्पना जुनीच आहे. १९५९ ची पहिली मिनी कारखान्यातूनच डिकीत बॅटरी घेऊन आली होती आणि बीएमडब्ल्यूच्या कितीतरी गाड्यांत ती मागेच असते. दादाचा विचार बरोबर होता. ज्या गॅरेजने काम केलं, त्यांनी ते अर्धवट केलं.

दादा दोन वर्षांपूर्वी मस्कतला गेला आणि गाडी माझ्याकडे आली. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, इचलकरंजीहून रोज कोल्हापूरला येते. गाडी मला जिवापाड आवडते आणि दादा येईपर्यंत ती धड ठेवायची आहे.

मामांच्या दुकानाला नावाची पाटी नाही. फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत एक शटर आणि त्यावर रंगाने लिहिलेलं ‘बॅटरी-वायरिंग’, एवढंच. मी क्लचचं सांगायला लागले, तर त्यांनी आधी बोनेट उघडलंच नाही. डिकी उघडली, बॅटरी बघितली, मग पुढे येऊन टॉर्च मारून इंजिन आणि बॉडीच्या मधल्या फटीत बराच वेळ बघत राहिले.

“ताई, इंजिनला अर्थिंगच नाही की हो. करंट जातोय तसा परत बी यायला लागतोय. त्याला वाट मिळंना, म्हणून क्लचच्या केबलीतनं येतोय.”

मी जागच्या जागी उभी राहिले. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते! सेल्फची मोटर इंजिनवर बसलेली, इंजिन रबरी माउंटिंगवर. पूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल पुढे गिअरबॉक्सला जोडलेली होती. बॅटरी मागे नेताना ती केबल काढून टाकली आणि मागे डिकीच्या पत्र्याला निगेटिव्ह जोडली. इंजिन आणि बॉडी यांच्यात मग धातूचा धागा उरला तो क्लचच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलचा. सेल्फ मारला की शंभराहून जास्त अँपिअर त्या बारक्या तारेतून परतायचे. आतलं नायलॉनचं अस्तर वितळायचं आणि पेडल जड व्हायचं.

मग मामांनी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं लांब तारेने सेल्फच्या बोल्टला लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. मधल्या केबलमध्ये १.४ व्होल्ट खाल्ले जात होते. अर्ध्या व्होल्टच्या वर जाऊ नये. केबल १६ चौरस मिलिमीटरची, म्हणजे बारीक निघाली, तिचे लग, म्हणजे टोकाच्या बोल्टात अडकवायच्या कड्या, हातोड्याने ठोकून बसवलेले. फ्यूज कुठेच नाही. सव्वापाच मीटरची जिवंत केबल सीटखालून, दरवाजाच्या पट्टीखालून, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, नुसत्या भोकातून पुढे गेलेली. त्या भोकाची पत्र्याची कड इन्सुलेशनमध्ये निम्म्यापर्यंत रुतली होती. मामांनी ती जागा बोटाने दाखवली, बोलले काहीच नाहीत. मी मात्र त्या गाडीत माझ्या भाच्यांना बसवून पन्हाळ्याला नेलं होतं.

बॅटरी परत पुढे बसवता येईल का, हेही मी विचारलं. मूळ ट्रे कापून टाकलेला, पुढची वायरिंगही तोडलेली. खर्च जवळपास नीट दुरुस्तीइतकाच झाला असता. दादाची मांडणी ठेवायची आणि नीट करायची, असं ठरलं.

आता काम. नवी केबल ३५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची वेल्डिंग केबल. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले. एक लग त्यांनी माझ्यासमोर दाबून मग आरीने मधोमध कापून दाखवला. आत तांब्याच्या बारीक तारा वेगळ्या दिसतच नव्हत्या, एकसंध लाल चकती दिसत होती, आरशासारखी. तो कापलेला तुकडा मी मागून घेतला आणि आता वर्गात दाखवते. वरून डिंक असलेली स्लिव्ह गरम करून आवळली, तेव्हा टोकाला डिंकाची बारीक कडी बाहेर आली. ती सगळीकडून आली तरच आत पाणी जात नाही, म्हणाले.

फायरवॉलचं भोक मोठं केलं, कानशीने कड घासली, अंगठा फिरवून बघितली, परत घासली. मग कडेला गंज न लागण्यासाठी रेड ऑक्साइड, ते वाळल्यावर रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी. पूर्ण केबल कॉरुगेटेड पाइपमध्ये, वीतभर अंतरावर क्लिपा. केबल डावीकडून नेली. इंजिनच्या ईसीएमची, म्हणजे कॉम्प्युटरची वायरिंग ज्या बाजूला, तिथून लांब.

फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर. मला वाटायचं फ्यूज उपकरण वाचवायला असतो. इथे तो केबल वाचवायला आहे. अपघातात पत्रा चेपून केबल कुठे बॉडीला लागली, तर फ्यूजपासून पुढची सगळी केबल मेली पाहिजे. फ्यूज पुढच्या टोकाला लावला असता तर मधली पाच मीटर उघडीच राहिली असती.

बॅटरी साधीच, पाणी न घालावी लागणारी. पण ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणजे वायू सोडत नाही असं नव्हे. चार्ज होताना हायड्रोजन निघतोच आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. डिकीची हवा मागच्या सीटमधून आत येते. म्हणून झाकणाचा बंद डबा, झाकणाच्या सर्वांत वरच्या जागेतून नळी आणि ती तळातून थेट बाहेर. भोक पाडण्याआधी मामा स्वतः गाडीखाली झोपले आणि पेट्रोलची टाकी आणि पाइप कुठून जातात ते खडूने पत्र्यावर आखून घेतलं.

डबा स्टेपनीच्या खड्ड्यात बसवा, जागा वाचेल, असं मी सुचवलं होतं. “पंक्चर झाल्यावर रस्त्यात बॅटरी काढत बसणार व्हय?” डबा मग डाव्या कोपऱ्यात गेला, उजवीकडे ड्रायव्हर बसतो म्हणून वजनालाही ते बरं. धरून ठेवायला दोन लोखंडी पट्ट्या, १० मिलिमीटरचे बोल्ट, पत्र्याच्या खालून ३ मिलिमीटर जाडीच्या प्लेटा. हे माप एफआयएच्या, म्हणजे मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रॅली नियमांतलं आहे, दादाने मस्कतहून फोनवर सांगितलं. मामांनी तेच आधीच कापून ठेवलं होतं.

अर्थिंगच्या जागेचा रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आणि पुढे इंजिन ते बॉडी, तेवढीच जाड विणलेली पट्टी. हाच तो परतीचा रस्ता, जो आधी नव्हता.

दादाने पूर्वी लावलेला कट-ऑफ स्विच, म्हणजे बॅटरी तोडणारा स्विच, मामांनी काढून टाकला. इंजिन चालू असताना नुसती बॅटरी तोडली तर डायनामोचा व्होल्टेज उसळतो आणि ईसीएम जाऊ शकतं. रॅलीला स्विच हवाच, पण तो डायनामोलाही बंद करणारा लागतो. मला रोजच्या वापरात तो नको, असं मामांनी स्पष्ट सांगितलं. मला तसा नवा स्विच विकता आला असता, विकला नाही.

काम झाल्यावर तीच मोजणी. केबलमध्ये ०.३८ व्होल्ट. इंजिन ते बॉडी जेमतेम ०.०५. मी रात्री घरी कागदावर आकडा काढून बघितला, जुळला.

बिल ८,८०० रुपये, त्यात मजुरी ३,०००. केबल मीटरवर मोजून दिली, उरलेली अर्धी फूटही परत दिली. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, हेही त्यांनीच सांगितलं.

तक्रारी आहेत. एका दिवसाचं काम सांगितलं, अडीच दिवस लागले आणि मला दोन दिवस एसटीने जावं लागलं. बसायला जागा नाही, बाईमाणसाला वॉशरूमची सोय नाही. बिल वहीच्या पानावर मिळतं. डिकीतली मोठी बॅग ठेवायची जागा गेली.

आणि कुणी मला विचारलं की रोजच्या गाडीत बॅटरी मागे न्यावी का, तर मी नको म्हणते. केबल, डबा, पट्ट्या धरून गाडीचं एकूण वजन चार-पाच किलोंनी वाढतंच, आणि ऑफिसला जाताना वळणावर तो फरक कळत नाही. पुढे जागाच नसेल किंवा शर्यतीची गाडी असेल, तरच. आधीच मागे नेलेली असेल, तर मात्र आजच कुणाकडून तरी इंजिनचं अर्थिंग आणि फ्यूज बघून घ्या.

हजार किलोमीटर झाल्यावर बोल्ट आवळायला बोलावलं होतं, गेले, पैसे घेतले नाहीत. पाच महिने झाले. क्लचची तीच केबल आहे. सकाळी सेल्फ मारल्यावर मी अजूनही बोनेट उघडून तिला हात लावून बघते, थंड असते.

सोमवारी बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर मामा निवांत भेटतात. जाताना डिकी आणि मागची सीट रिकामी करून न्या.