देवबागला पोचलो, पण शिबिर नव्हतंच

डिसेंबरात आमच्या शाळेची पहिली निवासी सहल निघाली. नववीची ३८ मुलं, आम्ही चार शिक्षक, मुक्काम देवबाग. कर्ली नदीत कयाक, दोरीचा पूल, रात्री शेकोटी, दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. माणशी २,४०० रुपये. सहलप्रमुख मी होते, व्यवहारही मीच केला. आता परीक्षांनंतर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतील, म्हणून घडलं ते सगळं लिहिते आहे.

या शिबिराची जाहिरात फेसबुकवर दिसली होती. फोनवरचा माणूस इतका अदबीनं बोलायचा की शंका घ्यायलाही संकोच वाटावा. जेवण शाकाहारी हवं का, मुलींच्या खोल्यांना आतून कडी आहे ना, हे मी विचारायच्या आधी तोच सांगायचा. लेटरहेडवर ठळक अक्षरांत 'शासन नोंदणीकृत' आणि खाली नोंदणी क्रमांक. तो क्रमांक मी मुख्याध्यापकांना दाखवला, पालकसभेत वाचून दाखवला. नोंदणी कसली, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

तो होता उद्यम नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी कोणालाही आधार आणि पॅन क्रमांक देऊन घरबसल्या, फुकट करता येते. ती लघुउद्योगाची असते. मुलांना पाण्यात उतरवायचा परवाना तिच्यातून मिळत नाही. साहसी उपक्रम चालवायचे तर ऑगस्ट २०२१ च्या शासन निर्णयानुसार पर्यटन संचालनालयाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. तिचं प्रमाणपत्र मागा, आणि त्यावरचा क्रमांक संचालनालयात स्वतः विचारून खात्री करा. मला हे सगळं नंतर कळलं.

निम्मे पैसे, ४५,६०० रुपये, महिनाभर आधी पाठवले. यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." माझं बोट तिथं थांबलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. तरी मी पिन टाकला. निघायच्या आदल्या रात्री त्याचा पुन्हा फोन, बाजार भरायचाय म्हणून आणखी २० हजार. तेही दिले.

पहाटे एसटीनं निघालो. फोंडा घाट उतरेपर्यंत मुलांच्या गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. कणकवली, कसाल, मालवण करत देवबागला पोचलो आणि त्यानं पाठवलेल्या लोकेशनवर उतरलो, तर समोर एक कौलारू घर. खळ्यात एक आजी सुपारी वाळत घालत होत्या. त्याचा फोन बंद.

आजी म्हणाल्या, "बाई, ह्या घर आमचा. हयसर तसला काय नाय. तुमका कोणी सांगल्यान?"

मला उत्तर देता येईना. ३८ मुलं सॅक पाठीला लावून माझ्याकडे बघत उभी होती. आजींनीच पुढं होऊन सांगितलं, "आधी पोरांका जेवक घालूया, मगे काय ता बघू." शेजारच्या दोन घरांतून तांदूळ आले, आमटी झाली, मुलं खळ्यात पंगतीला बसली. त्या माउलीनं पैसे घेतले नाहीत.

दुपारी किनाऱ्यावर एकजण कमी पैशात बनाना राइड, म्हणजे केळ्याच्या आकाराच्या रबरी बोटीतून समुद्रात फेरी, देतो म्हणत मागं लागला. मुलं हिरमुसलेली, सहकाऱ्यांचंही मत होतं की जाऊ द्या त्यांना. लाइफ जॅकेटं मोजली तर अकराच, त्यातल्या चारांचे पट्टे तुटलेले. मी नाही म्हटलं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, ते माझ्या डोक्यातून कधी गेलेलं नाही. मुलं रुसली, पण किल्ला बघून त्याच रात्री परत निघालो.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या हेल्पलाइनला फोन मी जेवणाआधीच, खळ्यातूनच लावला होता. आदल्या रात्रीचे २० हजार पुढच्या एका खात्यात सापडले आणि बँकेनं रोखून धरले. अजून हातात आलेले नाहीत. महिन्यापूर्वीचे ४५,६०० तर केव्हाच काढून घेतले होते. तेव्हा फसल्याचं लक्षात येताच, लाज बाजूला ठेवून, आधी १९३० लावा.

परत आल्यावर एका मुलीनं जाहिरातीतला फोटो मोठा करून दाखवला. दोरीच्या पुलामागं देवदाराची झाडं होती. देवबागला माड असतात, सुरूची झाडं असतात, हिमालयातला देवदार कुठून येणार? तो फोटो मी पन्नासदा तरी पाहिला असेल.

पालकांचे पैसे आम्ही चौघं शिक्षक हप्त्यानं फेडतोय. त्याच मुलीच्या आईनं हे २,४०० बचत गटातून उचलले होते. पहिला हप्ता त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो मोजलाही नाही, फक्त विचारलं, "बाई, पुढच्या वर्षी तरी नेणार ना पोरीला समुद्र बघायला?"