रोजचं दाफ की आठवड्याची पाराशा?

८ जून २०२७ ला दाफ योमीची, म्हणजे तल्मूदचं रोज एक पान (दाफ) वाचण्याची, पंधरावी फेरी सुरू होतेय, आणि आमच्या ठाण्याच्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) मंडळींत आतापासूनच विचारणा चालू आहे: "दाफ धरू का, की आपली पाराशाच बरी?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले, नोकरी-संसारात अडकलेले. हिब्रू अक्षरं वाचता येतात, अर्थ लागतोच असं नाही. मी दोन्ही करून पाहिलंय आणि त्यातलं एक अर्धवट सोडलंय, तेव्हा माझं मत त्या हिशेबानेच घ्या.

तल्मूद म्हणजे रब्बींच्या, आपल्या धर्मगुरूंच्या, चर्चांचा मोठा ग्रंथ; पाराशा म्हणजे तोराचा, मोशेच्या पाच पुस्तकांचा, त्या आठवड्याला वाचायचा भाग. तिकडे २,७११ पानं आणि जवळपास साडेसात वर्षं. इकडे ५४ पाराशा, आणि सिम्हत तोराच्या सणाला शेवटची संपली की त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

दाफची ओढ खरी आहे, हे आधीच कबूल करतो. १९२३ साली व्हिएन्नाच्या अधिवेशनात रब्बी मेइर शापिरो यांनी ही कल्पना मांडली, तिची सगळी गंमत एकाच गोष्टीत आहे: जगात कुठेही असा, आजचं पान सगळ्यांचं एकच. १ जानेवारी २०२० ला न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर तेराव्या फेरीच्या समाप्तीला नव्वद हजारांच्या आसपास माणसं कडाक्याच्या थंडीत बसलेली मोबाइलवर पाहिली आणि माझ्या अंगातच आलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षं दाफचा वर्ग चालतो, असंही वाचलं होतं. म्हटलं, लोकल तर आपल्याकडेही आहे. ५ जानेवारीपासून ठाणे-सीएसएमटी स्लो गाडीत चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून मी तल्मूदचा पहिला भाग, बेराखोत, सुरू केला. शनिवारचं पान शुक्रवारी दुपारीच उरकायचो. पुढे लॉकडाऊन लागलं, लोकल गेली, पण वेळ मिळाला.

पहिल्याच शनिवारच्या पानावर, म्हणजे बेराखोतच्या आठव्यावर, एक सूचना भेटली: माणसाने मंडळीबरोबर त्या आठवड्याची पाराशा पुरी करावी, मूळ दोनदा आणि भाषांतर एकदा. म्हणजे दाफच मला सांगत होतं, बाबा रे, पाराशा वाच. तेव्हा हसून पुढे गेलो.

सगळ्यात रमलो ते एरुविन या भागात. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सामान कुठून कुठे न्यायचं, याचे ते नियम. अनेक घरं एका अंगणात उघडतात, अंगणं बोळात, बोळ रस्त्याला. बोळाच्या तोंडावरची आडवी तुळई वीस हातांहून उंच असली तर ती खाली घ्या, इथून सुरुवात. अंगणातल्या सगळ्यांनी मिळून भाकर ठेवायची, म्हणजे ते अंगण जणू एकच घर होतं. एक शेजारी जरी द्यायला विसरला तरी सगळ्यांची पंचाईत. परदेशातले अभ्यासक यावर आकृत्या काढकाढून थकतात. मी चाळीत वाढलोय. सामाईक गॅलरी, सामाईक नळ आणि वर्गणी न देणारा एक बिऱ्हाडकरू, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग सोडलं का? कठीण होतं म्हणून नाही. तल्मूदची आरामी भाषा येत नाही, पण स्टाइनसाल्ट्झ यांचं इंग्रजी भाषांतर २०१७ पासून सेफारिया या संकेतस्थळावर फुकट आहे, रोजचे ऑडिओ वर्ग ढिगाने आहेत. मला नडलं ते वेगळंच. पान संपतं ते कागद संपला म्हणून, मुद्दा संपला म्हणून नव्हे.

ऐकायला फुटकळ वाटेल. पण बेराखोतच्या दुसऱ्याच दिवशीचं पान बघा. ते उघडतं या तक्रारीने, की तल्मूदातल्या रब्बी मेइर यांचं बोलणं रब्बी मेइर यांच्याच बोलण्याशी जुळत नाही. कुठलं बोलणं? ते कालच्या पानावर. काल ते वाचताना मी मुलुंडला होतो, आणि त्यानंतर ऑफिस, बिलं, मुलाची फी, सगळं डोक्यावरून गेलेलं. सुरुवातीला रोज दहा मिनिटं मागचं पान चाळायचो. मग पाच. मग थेट आजचं. अर्धं भांडण काल ऐकलेलं, अर्धं आज, आणि निकाल उद्या. जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांचं ऐकावं तसं. या पानांची वाटणी १५२० च्या दशकात वेनिसमध्ये डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाच्या छापखान्यात झाली, तीच आजतागायत चालू आहे. (त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. १८३२ साली आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं तेही जॉन विल्सन या पाद्र्यानेच.) छापखान्याची सोय आणि शिकणाऱ्याची सोय एकच असेल असं नाही, इतकंच माझं म्हणणं.

त्यात एकदा आजारपणात अकरा दिवस राहिले. अकरा पानांची थकबाकी म्हणजे सोसायटीच्या मेंटेनन्ससारखी, रोज नवी मागणी चढतच जाते. शब्बाथच्या दिवशीही मनात हिशेब: आज आठ राहिली. शिकण्याचं हे असं ओझं व्हावं, हे मला पटेना. तुम्हाला कदाचित तेच लागत असेल. काही माणसं हप्ता बांधल्याशिवाय बचत करत नाहीत.

नोव्हेंबरात, एरुविन अजून संपायचं होतं, तेव्हा बाबा म्हणाले, "या आठवड्यात वायेरा पाराशा आहे. मला वाचून दाखव, डोळ्यांना त्रास होतो." मराठीतून वाचायला लागलो. देव अब्राहामला सांगतो: तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो इसहाक, त्याला घे. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. पण त्या दिवशी सोबत रशी, तोराचा मध्ययुगीन भाष्यकार, उघडला होता. रशी विचारतो, एवढं लांबवून कशाला? आणि त्याचं देव आणि अब्राहाम यांच्यातलं संभाषण करून टाकतो. तुझा मुलगा. मला दोन आहेत. एकुलता एक. हा त्याच्या आईचा एकुलता, तो त्याच्या आईचा. ज्याच्यावर प्रीती करतोस तो. माझी दोघांवर आहे. इसहाक.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो टाळत होता रे." एका वाक्यावर आमचा शुक्रवार गेला. दाफमध्ये मला एका वाक्यावर थांबायची मुभा कधी मिळाली नव्हती.

थांबण्याची ही रीत शिकायची तर नेहामा लेबोविट्झ यांचे प्रश्न बघा. या बाईंनी १९४२ पासून तीसेक वर्षं पाराशेवरच्या प्रश्नांचे कागद मागेल त्याला टपालाने धाडले आणि आलेली उत्तरं स्वतः तपासून परत पाठवली. अवघड प्रश्नापुढे एक फुली, फारच अवघड असेल तर दोन. त्यांचा आवडता प्रश्न: रशीला इथे काय खटकलं? मी अजून बिनफुलीच्या प्रश्नांवरच आहे.

पाराशेत सगळं गोड आहे असं नाही. वसंतात तझ्रिया-मेत्सोरा या पाराशा येतात, त्वचेचे चट्टे आणि भिंतीवरचे डाग, तेव्हा आमच्याकडे वाचन दहा मिनिटांत आटपतं. गोष्टी ठाऊक असल्यामुळे डोळे नुसते घसरत जाण्याचाही धोका आहे. आणि सोबत नसली तर हे सहज सुटतं, कुणी विचारायला येत नाही. तिथे दाफ वरचढ. इस्राएलमधल्या अश्दोदची माझी मावसबहीण हद्रान या संस्थेच्या बायकांच्या वर्गामागे चालत चौदाव्या फेरीत अजून टिकून आहे. २०२० च्या जानेवारीत जेरुसलेमला तीन हजारांवर बायका समाप्तीला जमल्या होत्या, ते पाहून तिने घेतलं. माझी तक्रार तिला सांगितली तर म्हणाली, "दादा, समजलं नाही तरी पान उलटायचं. सगळं कळायला पाहिजे असा हट्ट कशाला?" तिचंही खोटं नाही.

तेव्हा ज्याला रोज पाऊण तास नक्की मिळतो, अर्धवट कळलेलं टोचत नाही आणि हजेरीचा धाक लागतो, त्याने खुशाल ८ जूनला सुरू करावं. बाकीच्यांना, विशेषतः ज्यांच्या घरात वाचून दाखवायला कुणी म्हातारं किंवा ऐकायला कुणी पोर आहे त्यांना, मी पाराशाच सुचवीन. मराठीत तोरा आहे, तल्मूद नाही, आणि घरातल्यांना इंग्रजीतून तल्मूद समजावणं मला तरी जमलं नाही. शिवाय एखादी पाराशा बुडाली तर पुढच्या वर्षी दारात येते. चुकलेलं दाफ साडेसात वर्षांनी.

माझा चुलतभाऊ जूनमध्ये बसणार म्हणतोय. बेराखोतचं आणि शब्बाथचं पुस्तक त्याला देऊन टाकलंय. एरुविन मात्र ठेवून घेतलंय.