लहान मुलांची स्लीप स्टडी (रात्रभर झोपेची तपासणी), पुण्यातल्या लॅबचा अनुभव (⭐ साडेचार)

मुलगा सहा वर्षांचा, रोज रात्री घोरायचा, तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी घामाने ओली, आणि मधेच श्वास थांबून एकदम धाप लागल्यासारखा हुंदका द्यायचा. दिवसा पेंगायचा नाही, उलट चिडचिड आणि धिंगाणा, शाळेतून रोज तक्रार. मुलांमध्ये अपुरी झोप बऱ्याचदा अशीच दिसते म्हणे.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी घरी मशीन देऊन टेस्ट केली, तासाला श्वास अडण्याचा आकडा ४.२ आला आणि "पाचच्या आत आहे, नॉर्मल" म्हणून परत पाठवलं. अहो तो पाचचा निकष मोठ्या माणसांचा!! मुलांमध्ये तासाला एकच्या वर गेला तरी झोपेत श्वास अडण्याचा आजार धरतात. शिवाय घरच्या मशीनला पोरगं झोपलंय की जागं आहे हेच कळत नाही, जागेपणीचे तासही भागाकारात येतात आणि आकडा कमी दिसतो. ह्याचा मला अजून राग येतो.

मग आमच्या ईएनटी डॉक्टरांनी मानेचा बाजूने एक्स-रे काढला, अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले दिसले, पण टॉन्सिल केवढे दिसतात त्यावरून रात्री किती अडतंय ते ठरत नाही म्हणाले, आणि ह्या लॅबला पाठवलं.

इथला टेक्निशियन दादा म्हणजे सोनं आहे. आधी मुलाच्या टेडीला वायरी लावल्या, मग त्याला. डोक्याला पेस्ट लावून इलेक्ट्रोड, छातीला आणि पोटाला पट्टे, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा सेन्सर, वर कॅमेरा. नाकाखालची नळी काही केल्या लावू देईना तर म्हणाला राहू दे, झोपल्यावर लावतो, आणि खरंच अलगद लावली, रात्री ओढून काढली तरी न कुरकुरता परत येऊन लावली. पट्टे कशाला तेही समजावलं, छाती-पोट ओढतंय पण नाकातून हवा जात नाही म्हणजे वाट अडलीय, आणि छाती-पोटच हललं नाही तर मेंदूकडून सिग्नल आला नाही, दोन्हीचे उपचार वेगळे.

इथे आकडा आला ८, म्हणजे मध्यम, आणि सगळ्यात जास्त त्रास स्वप्नांच्या झोपेत, पहाटेकडे. रिपोर्ट डॉक्टरांनी ओळ न ओळ वाचून सांगितला. थांबून बघू का विचारलं तर त्यांनी अमेरिकेतली २०१३ ची मोठी ट्रायल सांगितली, ५ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये सात महिन्यांनी टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढायचं ऑपरेशन केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली पण नुसतं थांबलेल्यांमध्येही ४६ टक्के. म्हणजे सौम्य असेल तर थांबायला वाव आहे, आमचं मध्यम आणि ऑक्सिजनही ८६ टक्क्यांपर्यंत उतरलेला, म्हणून ऑपरेशन ठरलं.

अर्धा स्टार कापला कारण रिपोर्टला फार वाट बघायला लावली आणि सोबतच्या पालकाला झोपायला नुसता अरुंद बाक, एसी गार. इन्शुरन्सने फक्त तपासणीसाठीची अ‍ॅडमिशन म्हणून क्लेम नाकारला, त्यात लॅबचा दोष नाही पण पैशाची तयारी ठेवा. बुकिंग करताना रात्री कार्बन डायऑक्साइड मोजतात का ते विचारा, इथे मोजतात. आणि त्या दिवशी केस धुऊन न्या, तेल अजिबात नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.