शांत कॉम्प्युटरच्या पायी ४८,८५० रुपये गेले

एकूण ४८,८५० रुपये. माझी आणि बायकोची दिवाळीपासूनची शिल्लक होती ती. हे लिहायला मला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी कर सल्लागाराच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करतोय. रोज लोकांची बिलं तपासणं हेच माझं काम. आणि ज्या बिलावर मला फसवलं, ते बिल मी स्वतः उघडून, मोठं करून वाचलं होतं.

मी परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. माझ्या बहिणीचा मुलगा जन्मापासून दृष्टिहीन आहे. तो संभाजीनगरला बी.ए. करतो आणि एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याला लागणारी पुस्तकं मी वाचून, रेकॉर्ड करून पाठवतो. दिवसा घरासमोर ट्रॅक्टर आणि भोंगे, म्हणून रात्री दहानंतर बसतो. जुन्या कॉम्प्युटरची घरघर माईकमध्ये यायची. एकदा भाच्याने विचारलं, "मामा, मागं पिठाची गिरणी चालू हाय का?" तो सहा-सहा तास हेडफोन लावून ते ऐकतो. त्याचं डोकं दुखायला लागलं तेव्हा मी ठरवलं की आवाज न करणारा कॉम्प्युटर घ्यायचा, आणि पार्ट निवडून आपणच जोडायचा.

उगाच उडी मारली नाही मी. दोन महिने वाचत होतो. ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच नाही, म्हणजे त्याचा पंखाच नको. प्रोसेसर असा घ्यायचा की ज्यात ग्राफिक्स आतच आहे, म्हणून रायझन ५ ५६००जी, ६५ वॉटचा. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे फिरते आणि कॅबिनेटचा पत्रा हलवते, म्हणून नुसती एसएसडी, जिच्यात फिरणारं काहीच नसतं. पंखे मोठे आणि सावकाश फिरणारे, कारण फेरे निम्मे केले की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि मोठं पातं कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतं. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असा की कमी लोडवर त्याचा पंखा थांबून राहतो. हे सगळं मला पाठ होतं. पार्ट कसले हवेत हे कळत होतं, पण विकणारा कसा आहे हे बघायचं राहून गेलं.

ऑनलाइन कशाला घेतलं, दुकानात का गेला नाहीस, असं सगळे विचारतात. गेलो होतो. गावातल्या दुकानात काचेचे, रंगीत लाइटवाले कॅबिनेट होते. आवाजाचं विचारलं तर म्हणाला, "कॉम्प्युटर म्हणल्यावर आवाज येणारच की, सर." परभणीत फिरलो, भाच्याकडे गेलो तेव्हा संभाजीनगरला फिरलो. आतून फोम लावलेलं कॅबिनेट मी गेलो त्या एकाही दुकानात नव्हतं, मागवायचं तर पूर्ण पैसे आधी. तेव्हा फेसबुकवरच्या एका जाहिरातीतून हा माणूस भेटला. दिल्लीचा डीलर आहे म्हणाला. पहिल्याच फोनवर त्याने मला विचारलं, "रेकॉर्डिंगसाठी पाहिजे का? मग पंखा ६०० फेऱ्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही." दोन महिन्यांत माझी भाषा बोलणारा तो पहिला माणूस होता. मी तिथेच विरघळलो.

त्याची यादी अशी: प्रोसेसर ११,२००, मदरबोर्ड ८,९००, १६ जीबी रॅम ३,६००, १ टीबी एसएसडी ५,४००, ५५० वॉटचा गोल्ड (वीज कमी वाया घालवणाऱ्या दर्जाचा) एसएमपीएस ६,७००, कॅबिनेट ६,३००, प्रोसेसर गार ठेवणारा टॉवर कूलर ३,९००, १४० मिलिमीटरचे दोन पंखे २,४००. झाले ४८,४००. सगळं एकत्र घेतोय म्हणून १,६०० सूट. ४६,८००. भाव बाजारापेक्षा फार कमी नव्हते, हे लक्षात घ्या. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर मी फोन ठेवला असता.

६ मे २०२५ ला १०,००० ॲडव्हान्स टाकले. ८ तारखेला बिलाची पीडीएफ आली.

आता जे लिहितोय ते रोज रात्री माझ्या डोळ्यासमोर येतं. बिलावर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. माल पाठवायचा पत्ता माझा, म्हणजे महाराष्ट्र, २७. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल गेला की आयजीएसटी लागतो, सरळ १८ टक्के. बिलावर काय होतं? मूळ रक्कम ३९,६६१.०२, सीजीएसटी ९ टक्के ३,५६९.४९, एसजीएसटी ९ टक्के ३,५६९.४९. हे दोन टॅक्स एकाच राज्यातल्या विक्रीला लागतात. असं बिल दिल्लीचा व्यापारी परभणीच्या गिऱ्हाइकाला देऊच शकत नाही. ऑफिसात नवीन लागलेल्या पोराला मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. एखाद्या अशिलाने असं बिल आणलं असतं तर मी त्याला तिथूनच परत पाठवलं असतं.

आणि मला ते दिसलं होतं. बायको शेजारी भाजी निवडत होती, मी तिला म्हणालो सुद्धा, "याच्या बिलात टॅक्स चुकीचा पडलाय." ती म्हणाली, "मग विचारा की त्याला." मी म्हणालो, बिल करणाऱ्या पोराची चूक असेल. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. दिवसातून वीस वेळा दुसऱ्यांसाठी बघतो मी. त्या दिवशी मार्च संपून सुरू झालेली धावपळ चालूच होती, भाच्याची परीक्षा जवळ आली होती, मला लवकर हवं होतं. ९ तारखेला ३६,८०० टाकले. महिनाभराने तो नंबर तपासला. कपड्याच्या कुठल्या तरी फर्मचा होता, केव्हाचाच रद्द झालेला.

तुम्ही कोणालाही पैसे टाकायच्या आधी बिलावरचा १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर टाकून बघा. नाव, धंदा, चालू आहे की रद्द, सगळं दिसतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कुरिअरचे ८५०. मग ट्रान्झिट इन्शुरन्सचे १,२००, "माल पोचला की परत". एवढे टाकलेत तर आणखी दोन हजारांनी काय होतंय, असं मन म्हणतं.

पार्सल १७ मेला आलं. रिकामं नव्हतं, विटा नव्हत्या, म्हणून तर पुढचे सगळे घोळ झाले. कॅबिनेट फोमचं, पण एका बाजूला पोचा आलेला. मदरबोर्डच्या मागची पत्र्याची पट्टी गायब. प्रोसेसर खरा, पण कडेला जुनी वाळलेली पेस्ट होती, म्हणजे आधी वापरलेला. मी उघडताना व्हिडिओ काढला नाही. तुम्ही काढा, सील न तोडलेल्या खोक्यापासून, एका दमात, मध्ये न थांबवता.

दोन रात्री बसून जोडला. चालू झाला तेव्हा आईसुद्धा उठून बघायला आली. मग एसएमपीएसचा पंखा सुरू झाला आणि थांबलाच नाही. बारीक, टोचणारा आवाज. मी त्याला फोन केला. म्हणाला, "सर, तुमच्याकडे मराठवाड्यात ४३ डिग्री असतंय, पंखा फिरणारच." मला ते पटलं, कारण ते अर्धं खरं होतं. शांत कॉम्प्युटरवर जे वाचलं होतं ते थंड खोल्या धरून लिहिलेलं होतं, आमच्या खोलीत रात्री अकराला ३६ असतं. पण हिशेब मला येत होता. रेकॉर्डिंग चालू असताना हे सगळं जेमतेम ५०-६० वॉट खातं, ५५० च्या दहा टक्के. एवढ्याला त्या जातीच्या एसएमपीएसचा पंखा हलायलाही नको. कागदावर मांडून बघितलं आणि तरी त्याचंच खरं मानलं. एसएमपीएसवर उशी ठेवता येत नाही, म्हणून मी माईक दुसऱ्या कोपऱ्यात नेला, मध्ये गोधडी टांगली आणि वाचायला सुरुवात केली.

बावीस रात्री. सदतीस प्रकरणं. इतिहास आणि राज्यव्यवस्था. सगळी वाचून झाली की एकदम भाच्याला पाठवायची म्हणून एसएसडीवरच ठेवत गेलो.

९ जूनला पहिलं प्रकरण उघडलं तर चार मिनिटांनंतर नुसती खरखर. दुसरं उघडेना. शेवटची तीन-चार सोडून सगळ्यांचं तेच. कॉम्प्युटर दाखवत होता की अजून ८०० जीबीच्या वर जागा शिल्लक आहे. डबी खोलली. स्क्रू नव्हतेच, नखाने उघडली. आत अंगठ्याएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर एक चिप, बाकी डबी पोकळ. खरी जागा ६४ जीबीसुद्धा नव्हती. विंडोज आणि सॉफ्टवेअरने ४५ भरली, वरची माझ्या आवाजाने, आणि त्यापुढे नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढत गेलं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. नवीन एसएसडी, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड काहीही आणलं की आधी ते चालवा, सगळी जागा भरून परत वाचू द्या. काही तास जातात, जाऊ द्या.

मग एसएमपीएसही उघडला. (तुम्ही उघडू नका, बंद केल्यावरही आत करंट राहतो.) वजन यावं म्हणून तळाला लोखंडाची पट्टी चिकटवलेली. गोल्डचं स्टिकर रंगीत प्रिंटरवर काढलेलं, कडा कात्रीने कापलेल्या.

त्याला मेसेज टाकला. एकच टिक. अजून एकच टिक आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे जाऊन महिना झाला होता. तो नंबर पहिल्या तासा-दोन तासांत लावायचा असतो, तेव्हा पुढच्या खात्यात पैसे गोठवता येतात. मला उशीर झाला, ती चूक माझी. पण त्यानंतर जे झालं त्यात माझी चूक काय होती ते कोणीतरी सांगावं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, पावती नंबर आला, पुढे ठाण्यात जा. ठाण्यात गेलो. जमादार म्हणाले, "माल आला का? आला. बिल हाय का? हाय. मग फसवणूक कशाची? ग्राहक कोर्टात जा." मी एसएसडीची पोकळ डबी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलूनही बघितली नाही. दुसऱ्या वेळी साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या वेळी म्हणाले, आरोपी दिल्लीचा, आमच्या हद्दीत येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मी प्रिंट काढून नेलं होतं, हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ते बघून म्हणाले, "तुम्ही वकील हाव का?" चौथ्या वेळी चॅटच्या प्रिंट मागितल्या. ६४ पानं, ३ रुपयांप्रमाणे १९२. चार अर्ध्या रजा. ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याची केवायसी बँकेकडून मागवायला पोलिसांचं एक पत्र लागतं. एक पत्र! ते मी काढू शकत नाही, ज्यांना काढता येतं ते काढत नाहीत.

बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकलाय." ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही आणि आपल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. चांगला कायदा आहे. पण समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर रजिस्टर पाठवलं, "असा पत्ता नाही" असा शेरा मारून परत आलं. कुरिअरच्या पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव तिसरंच. पोलीस म्हणतात ग्राहक आयोग, आयोगाला पत्ता हवा, पत्ता पोलीसच काढू शकतात. आज चार महिने झाले, पोर्टलवर माझ्या तक्रारीसमोर अजूनही फक्त "प्रक्रियेत" दिसतं.

नांदेडच्या एका दुकानातून ५,८५० चा एसएमपीएस आणि ५,९०० ची एसएसडी आणली. शटर बघून, काउंटरवर खोकं उघडून, सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर तिथेच टाकून. दुकानदार वैतागला, वैतागू दे. आता तो पंखा खरंच थांबलेला असतो. हात जवळ नेऊन बघतो मी. सदतीसपैकी एकोणीस प्रकरणं परत वाचून झाली. भाच्याला मी हे कशामुळे झालं ते सांगितलं नव्हतं, बहिणीने सांगितलं. त्याने फोन करून एवढंच विचारलं, "मामा, घसा दुखत नाही ना?"

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवीन, नंबर नवीन, "रेकॉर्डिंगसाठी सायलेंट सेट", भाव ४६,८००. फोटो तोच: काळं कॅबिनेट, पांढऱ्या फरशीवर ठेवलेलं, मागे उजव्या कोपऱ्यात निळी बादली अर्धी दिसते. ती बादली दिसली की पैसे टाकू नका, आणि त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, नंबर आणि यूपीआय आयडी दिसेल असा, मला पाठवा. पाचव्यांदा ठाण्यात जाणार आहे, तेव्हा लागेल.