जुनं रोइंग मशीन विकायचंय: ओएलएक्स, सोसायटीचा ग्रुप की डीलर?

रोइंग मशीन म्हणजे बसून, दांडा ओढत वल्हवल्यासारखा व्यायाम करायचं यंत्र. ते कुठे विकायचं, हे त्याच्या प्रकारावर ठरतं, म्हणून आधी प्रकार बघा.

हवेच्या पंख्यावर चालणारं, कॉन्सेप्ट टू कंपनीचं मशीन असेल (जुनं नाव मॉडेल डी, २०२१ पासून रोअर्ग), तर भाव तुम्ही सांगायचा. नवं घ्यायला लाखाच्या वर जातात आणि सुटे भाग मिळतात, त्यामुळे क्रॉसफिट जिमवाले जुन्यावरही नजर ठेवून असतात. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आणि लष्कराचं रोइंग केंद्र आहे, नाशिककडचा रोइंगपटू दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला जाऊन आला. म्हणजे हे मशीन ओळखणारी माणसं आपल्याकडेही आहेत. ऑनलाइन पंधरा-वीस हजारांना घेतलेल्या चुंबकी मशीनचं (ज्यात ओढ चुंबकाने जड होते) तसं नाही. तिथे गिऱ्हाईक फक्त 'किती कमी होतील?' एवढंच विचारतं. पाण्याच्या टाकीचं मशीन देखणं, पण घेणारे मोजके, आणि हलवण्याआधी टाकी रिकामी करावी लागते.

डीलर आणि ओएलएक्स यांत खरा फरक पैसे आणि डोकेदुखीचा. डीलर माणसं आणि टेम्पो घेऊन येतो, त्याच दिवशी जागा मोकळी. पण दुरुस्ती, गोदामाचं भाडं आणि त्याचा नफा हे सगळं तुमच्याच भावातून कापलं जातं. शिवाय त्याला हौस ट्रेडमिलची. चुंबकी रोइंग मशीन म्हटलं की बरेच जण तोंड फिरवतात. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर भाव जास्त येतो, पण 'लास्ट प्राइस?' विचारून गायब होणारे दहा भेटणार. मशीन न बघताच 'लगेच पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारा भेटला तर तिथेच थांबवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर फसवणुकीची भीती कमी आणि मशीन लिफ्टनेच जातं. अडचण वेगळी: शेजाऱ्याशी घासाघीस करायला जीभ रेटत नाही, आणि पुढे पट्टा कुरकुरला तर तक्रार जिन्यात ऐकावी लागते. म्हणून माझं मत, चुंबकी मशीन सोसायटीत स्वस्तात देऊन मोकळं व्हावं. कॉन्सेप्ट टू मात्र जाहिरात टाकून, थोडा धीर धरून विकावं. डीलरकडे जायचं ते घर बदलायची तारीख डोक्यावर असेल तरच.

कॉन्सेप्ट टूच्या जाहिरातीत नुसते फोटो पुरत नाहीत. पीएम५ मॉनिटरच्या (मशीनवरच्या स्क्रीनच्या) युटिलिटीज मेनूमध्ये मशीन आजवर एकूण किती मीटर चाललं ते दिसतं, त्याचा फोटो टाका. डॅम्पर (पंख्यात किती हवा जाते ते ठरवणारी खटकी) १० वर ठेवून ड्रॅग फॅक्टरही, म्हणजे हवेचा अडथळा किती ते सांगणारा आकडाही दाखवा. तो फारच खाली असेल तर बहुधा पंख्याच्या जाळीत धूळ बसली आहे, व्हॅक्यूमने काढा. सीट ज्यावर सरकते त्या रुळावरचे काळे डाग म्हणजे बहुतेक वेळा सीटच्या चाकांचा मळ असतो, ओल्या फडक्याने निघतो. पण फोटोत त्या डागांमुळे मशीन झिजल्यासारखं दिसतं. साखळीला तेल द्या. मॉनिटरमधले मोठे डी सेल बरेच महिने तसेच असतील तर ते गळलेत का बघा, कारण मॉनिटर बिघडला की भाव धाडकन पडतो. दहा-बारा स्ट्रोकचा आवाजासकट व्हिडिओ असला की अर्धे प्रश्न तिथेच संपतात. आणि मशीन हत्याराशिवाय दोन भागांत सुटतं हे ठळक लिहा. आठ फूट लांबी वाचून लिफ्टच्या धास्तीने मागे फिरणारे बरेच असतात.

पट्टा तुटलेलं, मॉनिटर बंद पडलेलं चुंबकी मशीन मात्र जाहिरातीत घालून दमू नका. सीट किंवा दांडा कुणाला सुट्या भागासाठी हवाय का, एवढं ग्रुपवर विचारा. नाहीतर भंगारवाला वजनावर नेईल.